आमच्या एएस/४०० वरचे जुने आरपीजी प्रोग्रॅम आम्ही कसे बदलले

भोसरीच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी ईडीपी (संगणक) विभागात काम करते. बिलं, डिस्पॅच, स्टोअर्स, पगार, सगळं १९९६ पासून एएस/४०० या आयबीएमच्या मध्यम आकाराच्या संगणकावर चालतं. त्यावरचे आरपीजी ३ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतले प्रोग्रॅम नव्या मशीनवर आणि तिच्या पुढच्या रूपात, आरपीजी ४ मध्ये, नेण्याचं काम २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं. २०२४ च्या दिवाळीत मशीन बदललं आणि उरलेलं काम २०२५ भर चाललं. सुरुवातीला आपल्यासारख्याच मध्यम कारखान्यातल्या कुणीतरी लिहिलेला अनुभव मी खूप शोधला. तो मिळाला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

थोडी पार्श्वभूमी. आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली आणि १९९२ मध्ये टाटांबरोबर भागीदारी करून परत आली. एएस/४०० जगाच्या बाजारात १९८८ मध्ये आलं होतं, आमच्याकडे पोचायला पुढची आठ वर्षं गेली. आरपीजी ४ सुद्धा १९९४ मध्येच निघालं होतं. पण आमचे तेव्हाचे ईडीपी मॅनेजर, ज्यांना सगळी कंपनी अण्णा म्हणते, आधीच्या नोकरीत आरपीजी ३ वर तयार झालेले. त्यामुळे आमच्याकडचं सगळं त्यातच लिहिलं गेलं. फक्त डिस्पॅचचं मॉड्यूल एका विकत घेतलेल्या अमेरिकी पॅकेजमधलं आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

२०२३ च्या पहिल्या तिमाहीत तीन गोष्टी एकदमच अंगावर आल्या. मशीनची देखभाल करणाऱ्या एजन्सीनं वार्षिक कराराच्या पत्रात "डिस्क उपलब्धतेनुसार" असे शब्द घातले. ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती व्ही५आर४, तिला सपोर्ट नाहीच. दुसरं, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा होणार होता, आणि ऑडिटरनी लेखी विचारलं की तुमच्याकडे कुणी कोणती नोंद कधी बदलली हे दिसतं का. तिसरं दुखणं जुनं होतं. ५० कोटींवरच्या उलाढालीला १ एप्रिल २०२१ पासून ई-इन्व्हॉइस लागू झालं तेव्हापासून आमची दोन मुलं रोज बिलांचा डेटा एक्सेलमध्ये काढायची, पोर्टलवर चढवायची आणि आलेला ६४ अक्षरी आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) परत चिकटवायची. गेटवर ट्रक भरून उभा आणि ड्रायव्हर बिलाची वाट बघतोय, हे रोजचं झालं होतं.

ऑडिट ट्रेलचं उत्तर मात्र मशीनमध्येच होतं. एएस/४०० वर जर्नलिंग पहिल्यापासून आहे. बदलाआधीची आणि नंतरची अशा दोन्ही नोंदींचा पर्याय देऊन फाइलला जर्नल लावलं की त्या दोन्ही नोंदी, यूजर, वेळ, प्रोग्रॅमचं नाव सगळं आपोआप लिहिलं जातं. आमच्याकडे ते डिस्कची जागा वाचवायला बंद ठेवलेलं होतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हिशेबाच्या फाइलींना सुरू केलं, रिसीव्हर, म्हणजे जर्नलच्या नोंदी साठवणारा भाग, रोज टेपवर घ्यायचा नियम केला आणि ऑडिटरना नमुन्याचा प्रिंट दिला. त्यांचा प्रश्न मिटला. तुमच्याकडे हे बाकी असेल तर कन्व्हर्जनची वाट बघू नका, आधी हे करा.

मग कोटेशन. नवीन ईआरपीचा आकडा लायसन्स आणि इम्प्लिमेंटेशन धरून दीड कोटीच्या आसपास गेला. कोड बदलून देणाऱ्यांनी ओळींच्या हिशेबानं तीस लाख सांगितले, त्यात टेस्टिंग "ग्राहकाची जबाबदारी". ही ओळ नीट वाचा, कारण खरा खर्च तिथेच असतो. शेवटी ठरलं की मशीन नवीन घ्यायचं, प्रोग्रॅम घरातच बदलायचे, दोन ट्रेनी घ्यायचे आणि अडेल तिथे एका सल्लागाराला दिवसाच्या दरानं बोलवायचं. टिपण, त्यावर फायनान्सच्या शंका, पुन्हा टिपण, असं करत मंजुरीला जून उजाडला. मशीनच्या कोटेशनमध्ये कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला चालवता येईल अशा रूपात बनवणारं साधन), म्हणजे रॅशनल डेव्हलपमेंट स्टुडिओ, वेगळा मागावा लागतो हेही याच काळात कळलं. तो नसेल तर जुने प्रोग्रॅम चालतील, पण एक ओळही बदलता येणार नाही.

मंजुरी येईपर्यंत आम्ही मोजणी केली. सगळ्या कामात सर्वांत उपयोगी पडले ते हे तीन महिने. प्रोग्रॅम-संदर्भाची कमांड, डीएसपीपीजीएमआरईएफ, सगळ्या लायब्ररींवर (फाइली आणि प्रोग्रॅम ठेवायच्या कप्प्यांवर) चालवून तिचं उत्तर फाइलमध्ये घेतलं: कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल वापरतो, कुणाला बोलावतो. त्याला ऑब्जेक्टच्या, म्हणजे कंपाइल होऊन बनलेल्या प्रोग्रॅमच्या, माहितीतली "शेवटचा वापर" ही तारीख जोडली. साधारण नऊशे प्रोग्रॅम निघाले आणि त्यातला तिसरा हिस्सा वर्षभरात कुणी चालवलेला नव्हता. पण इथे घाई नको. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं. बोनस, घसारा, वर्षअखेरचा स्टॉक हे प्रोग्रॅम वर्षातून एकदाच उठतात. पूर्ण वर्ष पाहिल्याशिवाय कशालाही "मेलेला" म्हणू नका.

दुसरी तपासणी सोर्सची, म्हणजे प्रोग्रॅमच्या लिहिलेल्या मूळ मजकुराची. ऑब्जेक्टच्या सर्व्हिस माहितीत तो कोणत्या सोर्स मेंबरपासून, त्या सोर्सच्या कोणत्या तारखेच्या रूपापासून बनला ते दिसतं. ती तारीख आणि आज हातात असलेल्या सोर्सची तारीख जुळली नाही, तर तो सोर्स त्या प्रोग्रॅमचा आहे असं धरून चालता येत नाही. आमच्याकडे असे बरेच होते. काहींचा सोर्सच नव्हता. सीएल (सिस्टिमच्या कमांडची भाषा) प्रोग्रॅमचा सोर्स, बनवताना बंदी घातलेली नसेल तर, ऑब्जेक्टमधून परत काढता येतो. आरपीजीला ती सोय नाही. त्यात भर म्हणजे ६.१ या पुढच्या आवृत्तीपासून जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर आणताना त्याच्या आतली बनावटीची माहिती लागते, आणि जागा वाचवायला ती काढून टाकलेली असेल तर प्रोग्रॅम तिकडे उठतच नाही. व्ही५आर४ वर हे आधीच तपासणारी एएनझेडओबीजेसीव्हीएन ही कमांड मिळते. ती चालवली तेव्हा पाच प्रोग्रॅम असे निघाले ज्यांचा सोर्सही नाही आणि माहितीही नाही. त्यातला एक गेट पासचा, रोज चालणारा. तो पडद्यावर बघून नव्यानं लिहावा लागला.

जुलैत अण्णांकडे गेले. ते निवृत्त होऊन चिंचवडला राहतात. बिलाच्या प्रोग्रॅमचा प्रिंट घेऊन गेले होते, आणि पहिलाच प्रश्न ७३ नंबरच्या इंडिकेटरचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चालू-बंद खुणेचा, होता.

"अगं, तो ऑक्ट्रॉयचा," अण्णा म्हणाले. "माल पालिकेच्या हद्दीत राहणार असेल तर ओसीटीएफएलजी या फील्डमध्ये वाय. त्यावर ७३ लागतो. आता ऑक्ट्रॉय कुठे राहिलाय? काढून टाक."

जकात पिंपरी-चिंचवडमधून २०१३ मध्ये गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला. तर्कानं हे फील्ड काढायलाच हवं होतं. तरी डिस्पॅचच्या मामांना विचारलं. ते बत्तीस वर्षं तिथे आहेत. ते म्हणाले, "मॅडम, तो वाय आम्ही अजून भरतो. वाय टाकला की ट्रान्सपोर्टरची कॉपी छापत नाही. जवळच्या गिऱ्हाइकाला आपलाच टेम्पो जातो ना." म्हणजे ७३ वर छपाईही बांधलेली होती आणि कर गेल्यावर लोकांनी त्या खुणेला दुसरं काम दिलं होतं. ते अण्णांनाही माहीत नव्हतं, सोर्समध्येही लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून नियम केला: कोणतंही फील्ड काढायच्या आधी ते भरणाऱ्या माणसाला विचारायचं. लिहिणाऱ्याला विचारून भागत नाही.

ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष कन्व्हर्जन सुरू झालं. आरपीजी ३ चा सोर्स आरपीजी ४ मध्ये नेणारी कमांड कंपायलरबरोबरच येते, सीव्हीटीआरपीजीएसआरसी. सोर्स फाइलची लांबी ९२ ची ११२ करायची, लॉगची फाइल आधी बनवून ठेवायची आणि कमांड द्यायची. शेकडो मेंबर एका दुपारी झाले. बाहेरून लोक "कन्व्हर्जन" म्हणतात ते बहुधा एवढंच. यातून आलेला कोड आरपीजी ४ चा असतो, पण रूप जुनंच, रकान्यांतलं, इंडिकेटरांनी भरलेलं. आणि तसा तो असणं चांगलं आहे, कारण गणित जसंच्या तसं राहतं.

पहिला अडथळा डेटाचा आला. अमेरिकी पॅकेजच्या फाइलींमध्ये आकड्यांच्या जागी रिकाम्या जागा भरलेल्या होत्या. जुन्या प्रोग्रॅमना "डेसिमल डेटा एरर दुर्लक्षित करा" असा पर्याय देऊन कंपाइल केलेलं होतं. आरपीजी ४ मध्ये तसाच्या तसा पर्याय नाही. खराब आकडे शून्य करून घेणारा एक पर्याय आहे, पण आम्ही तो घेतला नाही. एक छोटा प्रोग्रॅम लिहून फाइलीच साफ केल्या, आणि त्या रिकाम्या जागा कुठून येतात तेही शोधलं. बारकोडच्या पीसीवरून येणारी फाइल त्याचं मूळ होतं.

दुसरी पायरी फ्री फॉरमॅटची, म्हणजे आज नवी मुलं वाचू शकतील अशा आरपीजीची. इथे आम्ही मर्यादा घालून घेतली: ज्या प्रोग्रॅममध्ये ई-इन्व्हॉइससाठी किंवा दरांसाठी हात घालायचाच आहे, तेवढेच फ्री करायचे. बाकीचे तसेच राहू द्यायचे. ट्रेनींना हे पटायला वेळ लागला. त्यांना विक्रीचा गोषवारा छापणारा प्रोग्रॅम दिला तेव्हा त्यांचा प्रश्न होता, "मॅडम, फाइल वाचते कुठे?" त्यात वाचण्याची ओळ नाहीच. आरपीजीचं चक्र स्वतः नोंद आणतं, डीलर बदलला की एल१ हा इंडिकेटर लागतो, विभाग बदलला की एल२, आणि बेरजा त्या त्या वेळी छापल्या जातात. १९५९ मध्ये ही भाषा आली ती पंचकार्डांच्या टॅब्युलेटिंग मशीनचं काम करायला, आणि हे चक्र तिथूनच आलेलं आहे. सत्तावीस वर्षं बरोबर उत्तर देणारा असा प्रोग्रॅम केवळ जुना दिसतो म्हणून फिरवणं मला मान्य नाही.

फ्री करताना दोन जागी फार जपावं लागतं. एक तारखांची युक्ती. पॅकेजमध्ये तारीख महिना-दिवस-वर्ष अशी सहा आकड्यांत आहे, आणि ती उलटवायला जुनी माणसं १००००.०१ नं गुणायची. ३१ डिसेंबर २०२४ म्हणजे १२३१२४. गुणाकार होतो १२३१२४१२३१.२४. उत्तराचं फील्ड सहा आकडी, दशांश नसलेलं, म्हणून डावीकडचे आकडे आणि दशांश दोन्ही कापले जाऊन उरतं २४१२३१, वर्ष-महिना-दिवस. सुंदर काम आहे. पण रकान्यांतल्या गुणाकाराला डावीकडून कापायची मुभा असते, फ्री फॉरमॅटच्या समीकरणाला नसते. तिथे प्रोग्रॅम आरएनक्यू०१०३ ही एरर देऊन थांबतो. सोर्समध्ये १००००.०१ आणि १००.०००१ हे दोन आकडे आधीच शोधून ठेवा आणि तिथे खरा तारखेचा प्रकार वापरा.

दुसरी जागा पैशांची. जुन्या बिलात सवलत अशी निघायची: दर ४७.३५, सवलत १२.५ टक्के, म्हणजे ५.९१८७५. ते दोन दशांशांच्या फील्डमध्ये राउंड न करता ठेवलेलं, म्हणून ५.९१. निव्वळ दर ४१.४४, नग २५०, रक्कम १०,३६०.००. हेच एका ओळीच्या समीकरणात लिहिलं तर मधे काही कापलं जात नाही आणि उत्तर येतं १०,३५७.८१. फरक दोन रुपये एकोणीस पैशांचा, एका ओळीवर. गणिताच्या पुस्तकात दुसरं उत्तर अचूक ठरेल, पण ग्राहकाच्या परचेस ऑर्डरवर ४१.४४ हाच दर आहे आणि त्याची गेट एंट्री त्याच्याशीच जुळते. म्हणून मधली फील्डं, त्यांची लांबी आणि कुठे राउंड होतं कुठे नाही, हे सगळं जुन्यासारखंच ठेवलं.

हे फरक दिसले ते तुलनेमुळे. नवीन मशीन जानेवारी २०२४ मध्ये आलं, आयबीएम आय ७.५ या ऑपरेटिंग सिस्टिमसह. मार्चअखेर कोणीही कशाला हात लावायचा नाही असं फायनान्सनं बजावलं होतं, ते योग्यच. एप्रिलपासून मार्चचा संपूर्ण डेटा घेऊन दोन लायब्ररी केल्या: एकीत जुने प्रोग्रॅम, दुसरीत नवे. दोन्हींत तेच काम चालवायचं, निघालेल्या फाइली एसक्यूएलनं एकमेकींतून वजा करायच्या, छापील रिपोर्ट स्पूलमधून (छपाईच्या रांगेतून) फाइलमध्ये उतरवून ओळीओळीनं ताडायचे. आधी आणखी एक फेरी घ्या: जुना सोर्स काहीही न बदलता पुन्हा कंपाइल करून चालू ऑब्जेक्टशी तुलना. सोर्स आणि ऑब्जेक्टची फारकत इथेच पकडली जाते, नाहीतर नंतर दोष कन्व्हर्जनच्या माथी येतो. प्रत्येक तुलनेचा कागद, त्यावर त्या विभागाच्या माणसाची सही, ही फाइल पुढे ऑडिटरना जशीच्या तशी दिली.

साधनांबद्दल दोन शब्द. हिरव्या पडद्यावरचा एसईयू, सोर्स लिहायचा जुना एडिटर, आमच्या हातात बसलेला आहे, पण त्याची चूक पकडण्याची शक्ती ६.१ वर थांबलेली आहे. नवीन आरपीजीच्या बरोबर ओळीही तो चुकीच्या दाखवतो. व्हीएस कोड या एडिटरवर चालणारं "कोड फॉर आयबीएम आय" फुकट आहे आणि ट्रेनी त्यात लगेच रुळले. सरावासाठी पब४०० हे फुकट खातं देणारं सार्वजनिक मशीन आहे. कंपनीचा डेटा मात्र तिथे अजिबात नेऊ नका.

मशीन बदलण्यासाठी दिवाळी ठरवली. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन शुक्रवारी १ नोव्हेंबरला, पाडवा शनिवारी, भाऊबीज रविवारी. कारखाना बंद, महिनाही नवा. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी शेवटचं बिल झालं, रात्री पूर्ण बॅकअप, दुसऱ्या दिवशी नव्या मशीनवर डेटा. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी घरी गेले, पण मन सर्व्हर रूममध्ये होतं, हे घरच्यांनी समजून घेतलं. पाडव्याला प्रिंटर जोडायला बसलो आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. प्रोग्रॅम बरोबर, आकडे बरोबर, पण आधी छापलेल्या तीन प्रतींच्या स्टेशनरीवर पहिली ओळ दोन रेघा खाली पडत होती. पानाची लांबी आणि ओव्हरफ्लोची ओळ (पान जिथे संपतं ती) प्रिंटर फाइलमध्ये पुन्हा द्यावी लागली. स्टेशनरीचा एक जादा खोका चाचणीसाठी आधीच मागवून ठेवा.

कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास पहिलं बिल निघालं. मामांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, जुन्या बिलाशेजारी धरलं आणि काही न बोलता ट्रक सोडला. माझ्यावरचं केवढं ओझं तेव्हा उतरलं ते सांगता येणार नाही.

जुनं मशीन मार्च २०२५ पर्यंत चालू ठेवलं. कायद्यानं हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, म्हणून जुना डेटा नव्या मशीनवर वेगळ्या लायब्ररीत, फक्त वाचण्यापुरता, उतरवला. जुन्या टेपांवर विसंबून राहू नका. त्या वाचणारा ड्राइव्ह पुढे मिळेलच असं नाही.

ई-इन्व्हॉइसचं काम त्यानंतर. आरपीजी ३ मधून सर्व्हिस प्रोग्रॅममधली (अनेक प्रोग्रॅमनी वापरायच्या सामायिक कोडमधली) प्रोसिजर थेट बोलावता येत नाही, आरपीजी ४ मधून येते. त्यामुळे जेसन (बिलाचा डेटा पोर्टलला लागतो त्या रूपातला मजकूर) एसक्यूएलनं बनवायचा, जीएसटी सुविधा पुरवठादाराकडे पाठवायचा आणि आयआरएन परत घ्यायचा, हे एकाच प्रोसिजरमध्ये बसलं. आयआरएनसाठी बिलाच्या मुख्य फाइलमध्ये नवं फील्ड घातलं नाही. फाइलचं रूप बदललं की ती वापरणारा, पण पुन्हा कंपाइल न केलेला प्रत्येक प्रोग्रॅम लेव्हल चेकला, म्हणजे फाइलच्या रूपाच्या तपासणीला, अडतो. बिल नंबरावर वेगळी छोटी फाइल केली. जुने कुणीही हलले नाहीत.

मग २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना, त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर. आमचे २८ टक्क्यांतले भाग १८ वर आले. पूर्वी दर प्रोग्रॅमात लिहिलेले असायचे. फ्री करताना ते एचएसएन (मालाचा वर्गीकरण क्रमांक) आणि "कधीपासून" अशा तारखेसह एका फाइलमध्ये आणले होते. त्यामुळे आदल्या रात्री फक्त नोंदी घालाव्या लागल्या. तारीख ठेवली म्हणूनच परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या तारखेनं २८ टक्क्यांनी निघते. दर बदलतानाच जुनी नोंद खोडली असती तर ती १८ नं निघाली असती.

आता बाकी आहे पगार. त्यात निवृत्तीची तारीख दोन आकडी वर्षात आहे, आणि आरपीजी दोन आकडी वर्ष १९४० ते २०३९ मध्ये बसवतं. १९८२ मध्ये जन्मलेला कामगार ५८ व्या वर्षी २०४० मध्ये निवृत्त होतो, म्हणजे या हिशेबानं तो १९४० मध्येच निवृत्त झालेला आहे. ग्रॅच्युइटीच्या यादीत अशी माणसं आजच सापडतात. तुमच्याकडे पगार आरपीजीवर असेल तर ही यादी आधी काढून बघा.